परसातली लोहारशाळा

लोहारकामाची हौस लागलेला माणूस आधी ऐरण शोधायला निघतो. भंगारवाल्यांकडे खेटे घालतो, मनासारखी ऐरण मिळत नाही म्हणून हळहळतो आणि तोवर परसात काहीच पेटत नाही. हा क्रम उलटा आहे. भट्टी नीट पेटली आणि वारा आपल्या हातात असला, तर पोलादाच्या साध्या ठोकळ्यावरही खुरप्याचं पातं घडतं. भट्टीच मंद असेल तर उत्तम ऐरण नुसती वाजत राहते. रस्त्याच्या कडेला पाल टाकून बसणाऱ्या घिसाडी कुटुंबाचा संसार एकदा नीट पाहून या. जमिनीतला वीतभर खड्डा, भाता नाहीतर हातपंखा, जमिनीत रोवलेली छोटी ऐरण, दोन-तीन सांडशा, हातोडा, घण, छिन्नी, कानस. एवढ्यावर ही माणसं कुऱ्हाडी, विळे, खुरपी घडवत गावोगाव फिरत आली. घरच्या लोहारशाळेला याहून फार काही लागतं असं मला वाटत नाही. लागतो तो क्रम: आधी आग आणि वारा, मग बाकीचं.

आगीलाही आधी जागा हवी. फ्लॅटची बाल्कनी किंवा बंदिस्त गॅरेज या कामाला चालत नाही. लाकडी कोळसा फारसा धूर करत नाही, म्हणून तो निरुपद्रवी वाटतो. पण त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि कोंदट खोलीत तो जीव घेतो. परसात किंवा शेतावर, तीन बाजूंनी मोकळी असलेली पत्र्याची शेड सगळ्यात बरी. कडब्याची गंज, गोठा आणि गॅसचं सिलिंडर यांपासून ती लांब असावी. हवा मोकळी हवी, ऊन मात्र नको. लोहार लोखंडाचा ताव डोळ्यांनी, रंगावरून ओळखतो आणि भर उन्हात लाल झालेलं लोखंडही काळपट दिसतं. मग माणूस ते आणखी तापवतो आणि जाळून बसतो. शेडमधली सावली दिवसभर सारखी राहील असं पाहा, म्हणजे सकाळचा लाल आणि दुपारचा लाल एकच दिसेल. पायाखाली मातीची जमीन असू द्या. सिमेंटच्या कोब्यावर तापलेला तुकडा पडला की कपचे उडतात.

शेजाऱ्यांचंही आधीच पाहून घ्या. ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि ऐरणीचा टणत्कार ती सहज ओलांडतो. ऐरणीच्या कमरेला जाड साखळी करकचून आवळली की आवाज बराच बसतो. दुपारची झोप आणि मुलांच्या परीक्षा सांभाळल्या की उरलेलं शेजारी सांभाळून घेतात.

आता भट्टी. आपल्याकडे लोहार परंपरेने जमिनीवर बसून काम करतो, त्यामुळे भट्टीही जमिनीतच असते. त्यात सोय आहे, सगळं हाताच्या अंतरावर राहतं. पण लहानपणापासून उकिडवं बसायची सवय नसेल तर तासाभरात गुडघे बोलायला लागतात, आणि पावसाळ्यात जमिनीतल्या भट्टीत पाणी झिरपतं. म्हणून मी कमरेइतक्या उंचीचा विटांचा ओटा बांधायला सांगेन. आत माती भरायची आणि वरच्या पृष्ठात तीच जुनी भट्टी करायची: दहा-बारा इंच रुंद आणि चार-पाच इंच खोल असं पसरट आळं. लिंपणासाठी चिकणमाती किंवा वारुळाची माती घ्या, त्यात भाताचा तूस नाहीतर गव्हाचा भुसा आणि थोडी चाळलेली राख मळा. काळी माती नको, वाळताना तिला बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. लिंपण सावलीत सावकाश वाळू द्या, तडे गेले की पुन्हा भरा, मग पहिल्या दिवशी नुसता काटक्यांचा जाळ करून भट्टी शेकून घ्या. आळ्याभोवती शोभेसाठी नदीतले गोटे मुळीच लावू नका. त्यांच्या पोटातल्या पाण्याची वाफ झाली की ते फुटतात आणि कपच्या डोळ्यांवर येतात.

वाऱ्याची तोटी बाजूने येऊ द्या, तळातून नको. लाकडी कोळशाला बाजूचा वाराच मानवतो आणि राख तोटीत न शिरता खाली साचते. एक इंच आतल्या व्यासाची जाड लोखंडी नळी पुरते. तिचं तोंड तळापासून दोन-अडीच इंच वर ठेवा आणि त्याभोवती मातीचा जाड गिलावा द्या, नाहीतर नळी स्वतःच जळत मागे सरकते. नळीवर जस्ताचा मुलामा नको, त्याचं कारण पुढे येईलच.

वाऱ्यासाठी तीन वाटा आहेत. चामड्याचा भाता देखणा असतो, त्याचा वारा मऊ येतो आणि हाताला आगीचा श्वास कळतो. पण कातडं सुकून भेगाळतं, उंदीर ते कुरतडतात, पावसाळ्यात त्याला बुरशी येते, अधूनमधून एरंडेल चोळावं लागतं. भाता शिवून देणारी माणसंही कमी झाली आहेत. मिळाला आणि निगा राखायची तयारी असेल तर जरूर लावा. नाहीतर ओतीव बिडाचा, हाताने फिरवायचा पंखा घ्या. गावोगावच्या लोहारांनी तो केव्हाच आपलासा केला आहे. विजेच्या पंख्याबद्दल मात्र, निदान शिकताना, माझं मत वाईट आहे. तो तुमच्यासाठी थांबत नाही. तुम्ही ऐरणीवर असता तेव्हाही तो कोळसा खात असतो, आणि भट्टीत विसरलेला तुकडा फुलबाजीसारख्या ठिणग्या टाकू लागला की समजा, तो गेला. हातपंखा सोडला की आगही विसावते. विजेचाच घ्यायचा असेल तर वारा कमी-जास्त करणारी झडप बसवल्याशिवाय पेटवू नका.

कोळसा लाकडीच घ्या. त्यात गंधक जवळजवळ नसतो, त्यामुळे लोखंड स्वच्छ राहतं. बाभूळ, खैर, चिंच अशा जड लाकडाचा चांगला. वेड्या बाभळीचाही चालतो आणि तो बहुतेक ठिकाणी मिळतो. लिंबाएवढे तुकडे करून चाळा, चुरा बाजूला काढा. दोन-तीन तासांच्या बैठकीला पाच-सहा किलो कोळसा सहज लागतो. पावसाळ्यात पोती जमिनीवर न ठेवता फळीवर ठेवा. ओला कोळसा तडतडतो आणि ठिणग्या अंगावर येतात. दगडी कोळसा स्वस्त वाटतो, पण कुठला मिळतोय ते पाहायला हवं. चंद्रपूर-वणीकडचा कोळसा वीजकेंद्रांना चालतो, भट्टीत मात्र त्याची राख फार होते, ती वितळून तोटीसमोर खंगर धरतं आणि कोळसा फुलून कोक होत नाही. लोहाराला हवा असतो तो कोक होणारा कोळसा, झारखंडात झरियाच्या खाणींतून निघतो तसा.

आग पेटवता येणं वेगळं आणि राखता येणं वेगळं. भट्टीत तोटीच्या अगदी समोर वारा जास्त असतो; तिथे लोखंड ठेवलं की त्यावर भराभर खपल्या धरतात, म्हणजे तुमचं लोखंडच झडत असतं. चांगला ताव मिळतो तो तोटीच्या थोडा वर, जिथे वाऱ्यातला ऑक्सिजन कोळशाने आधीच संपवलेला असतो. म्हणून सळई वरून खाली खुपसू नका. ती आडवी ठेवा, खाली तीन-चार इंच पेटता कोळसा आणि वर झाकण म्हणून आणखी थोडा. आग पसरू लागली की कडेच्या कोळशावर पाण्याचा हबका मारायचा. त्यासाठी पत्र्याच्या डब्याला खिळ्याने भोकं पाडून दांडा बांधला की झालं.

इथवर आलात की ऐरणीकडे वळा. परदेशी व्हिडिओंमध्ये रेल्वे रुळाच्या तुकड्याची ऐरण सर्रास दाखवतात. आपल्याकडे इथे जपून राहायला हवं. रेल्वेच्या मालाच्या बेकायदा ताब्याबद्दल १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. माल चोरीचा असल्याचा रास्त संशय आला तर तो आपल्याकडे रीतसर आला हे सिद्ध करण्याची जबाबदारी ताबेदारावर पडते, आणि पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. लिलावातल्या मालाची पावती असल्याशिवाय भंगारवाल्याकडून रूळ उचलू नका. त्यापेक्षा आठ-दहा किलोच्या जुन्या घणाचं डोकं लाकडात अर्धं रोवा, किंवा ट्रकच्या ॲक्सलचा जाड तुकडा उभा बसवा. ठोका नेमक्या जागी बसत असेल तर तळहाताएवढं पृष्ठ पुरतं. लोक शिंगवाल्या विलायती ऐरणीमागे धावतात, पण आपल्या जुन्या ऐरणी बहुधा साध्या चौकोनी ठोकळ्याच असतात आणि गोलाई आणायला जाड सळईचा तुकडाही चालतो.

तयार ऐरण घ्यायचीच असेल तर बेअरिंगमधली पोलादी गोळी खिशात ठेवून जा. फूटभर उंचीवरून ती ऐरणीवर सोडा. आठ-नऊ इंच उसळली तर ऐरण पोलादी आणि कडक. थोडी उसळून बसली आणि आवाजही बद्द आला तर ती बिडाची आहे. कडा पहिल्याच महिन्यात उडतील. मुंबईकरांनी नावावर जाऊन लोहार चाळीत ऐरण शोधू नये, तिथे विजेचं सामान मिळतं. नव्या हत्यारांसाठी नागदेवीचा बाजार, पुण्यात बोहरी आळी. जुन्यासाठी पुण्याच्या मंगळवार पेठेतला रविवार-बुधवारचा जुना बाजार चाळावा आणि भाव करताना घाई दाखवू नये.

ऐरणीखाली बाभळीचा किंवा चिंचेचा ओंडका घ्या, उभ्या रेषांचा, आणि तो दोन फूट तरी जमिनीत गाडा. उभं राहून काम करणाराने हात सरळ सोडून मूठ वळली की बोटांची पेरं जिथे येतात तिथे ऐरणीचं पृष्ठ यायला हवं. ते वर आलं तर खांदा दुखतो, खाली गेलं तर कंबर. ऐरण भट्टीपासून एका पावलावर असावी. बारीक सळईचा ताव दोन पावलांतही उतरतो.

हातोडा किलोभराचा पुरे. जड हातोड्याने काम लवकर होतं हा समज दंड भरून येईपर्यंतच टिकतो. नव्या हातोड्याच्या तोंडाच्या कडा धारदार असतात, त्या घासून गोल करा, नाहीतर प्रत्येक ठोक्याची चंद्रकोर लोखंडावर उमटेल. दांडा धामणीचा मिळाला तर उत्तम. घण चार-पाच किलोचा, पण तो दुसऱ्या माणसासाठी. घिसाडी कुटुंबांत बहुतेकदा बाईच घण मारते आणि पुरुष सांडशी धरतो. कारागीर लहान हातोडीने जिथे टिचकी मारतो तिथेच घण पडायचा, हा त्यातला नियम. हा ताल जमायला दोन माणसांना बराच काळ एकत्र काम करावं लागतं. एकट्याने सुरुवात करणाऱ्याने बारा मिलिमीटरपेक्षा जाड सळईच्या वाटेला जाऊ नये.

सांडशी हे सगळ्यात दुर्लक्षित हत्यार. बाजारातल्या सांडशीचा जबडा तुमच्या सळईला बसतोच असं नाही, आणि ढिली सांडशी म्हणजे तापलेला तुकडा हवेत. सुरुवातीला सांडशी घेऊच नका. दोन-अडीच फूट लांब सळई घ्या, एक टोक तापवा, दुसरं हाताने धरा. हात बसला की स्वतःची सांडशी स्वतः घडवा, सपाट पट्टीसाठी एक, गोल सळईसाठी एक. छिन्नी आणि भोकं पाडायचा सुंबाही घरीच होतो. लोहाराच्या धंद्याची ही खुबी मला फार आवडते: तो आपली अवजारं आपणच करतो. विकत घ्यायचं ते पंखा, ऐरण, हातोडा, दोन कानशी आणि जमलं तर एक मजबूत वाइस.

माल निवडताना शिकायच्या कामाला साधं मऊ लोखंड, म्हणजे फॅब्रिकेशनवाल्याकडची आठ-दहा मिलिमीटरची चौरस सळई घ्या. बांधकामाची टीएमटी सळई घरात पडलेली असते म्हणून मोह होतो. तिची बाहेरची कडक साल तापवल्यावर राहत नाही आणि आतला माल कसा निघेल याचा भरवसा नसतो. धारेच्या वस्तूंना ट्रकचे पाटे. ऊसपट्ट्यात पाट्याचा कोयता म्हणून वेगळा भाव मिळतो, कारण त्या पोलादात कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो आणि ते पाणी घेतं, म्हणजे तापवून बुडवलं की कडक होतं. मऊ लोखंड कितीही वेळा बुडवा, घेत नाही. भंगारातला तुकडा कशाचा आहे कळत नसेल तर त्याचं टोक लाल करून पाण्यात बुडवा, चिमट्यात धरून हातोड्याने मारा. काटकन तुटलं तर पोलाद, वाकलं तर लोखंड. मारताना तोंड दुसरीकडे, डोळ्यांवर चष्मा.

जस्ताचा मुलामा असलेली पाण्याची नळी, पत्रा, बोल्ट यातलं काहीही भट्टीत घालू नका. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं आणि भट्टीचा ताव त्याच्या वरच असतो. त्या पांढऱ्या धुराने काही तासांनी हुडहुडी भरून ताप येतो. रंग दिलेलं आणि क्रोमचा मुलामा असलेलं भंगारही तसंच टाळा.

पहिलं काम टोक काढण्याचं. सळईचं टोक नारिंगी होऊ द्या आणि आधी चौकोनी निमुळतं करा, मग कोपरे मारून अष्टकोनी, शेवटी गोल. थेट गोल करायला गेलात तर सळईच्या पोटात चीर पडते. रंग उतरून गडद लाल झाला की हातोडा थांबवा. त्याखाली मारलेला ठोका लोखंडात भेग सोडून जातो. मग आकडे, खुंट्या, कडी. ते सुबक यायला लागले की पाट्याचं खुरपं करून पाहा.

पात्याला पाणी देणं हे जुन्या पद्धतीतलं सगळ्यात नाजूक काम. पात्याची धार चेरीसारखी लाल करा. खात्री हवी असेल तर चुंबक लावून बघा. साधारण ७७० अंशांवर पोलाद चुंबकाला चिकटत नाही. त्याच्या किंचित वर ताव गेला की फक्त धारेकडचा भाग बुडवा, पाठ तापलेलीच ठेवा. पाट्याचं पोलाद पाण्यात कधी कधी चिरतं, म्हणून नवख्याने कोमट केलेलं तेल वापरावं. तेलाचं भांडं लोखंडी हवं आणि त्यावर टाकायचं झाकण हाताशी. बाहेर काढल्याबरोबर धार कानशीने किंवा विटेच्या तुकड्याने घासून चकचकीत करा. पाठीतली उष्णता आता धारेकडे सरकू लागते आणि घासलेल्या जागी रंग चालत येतात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा सुमारे २२० अंशांचा, निळा ३०० च्या जवळपासचा. भाजीच्या विळीला पिवळ्या-तपकिरीवर थांबवा, धार टिकते. दगडावर आपटणाऱ्या खुरप्याला किंवा कोयत्याला जांभळ्यापर्यंत जाऊ द्या, म्हणजे धार थोडी लवकर बोथटेल पण टवका उडणार नाही. हवा तो रंग धारेवर आला की पूर्ण पातं बुडवून टाका. हे वाचून येत नाही. टाकाऊ पाट्याचे तुकडे घेऊन ते मुद्दाम वेगवेगळ्या रंगांवर थांबवा, मग एकेक तोडून पाहा.

कपडे सुती हवेत. नायलॉनवर ठिणगी पडली की कापड वितळून कातडीला चिकटतं. ओढणी, पदर, सैल बाह्या खोचून घ्या, चामड्याचे बंद बूट घाला. हातोड्याच्या हातात मोजा नको, दांडा निसटतो. ओल्या मोज्याने तापलेलं लोखंड धरू नका, आत वाफ होते. आणि लाल लोखंडाने कुणी फारसं भाजत नाही, भाजतं ते काळ्या पडलेल्या लोखंडाने, कारण ते थंड दिसतं. म्हणून तापलेले तुकडे ठेवायची एकच जागा ठरवा आणि घरातल्या लहानथोरांना ती सांगून ठेवा. वाळूची आणि पाण्याची बादली भट्टी पेटवायच्या आधी भरलेली असावी. आग विझवून निघताना राखेतही पाणी घाला.

तलवारी, जांबिये घडवायची हौस अनेकांना असते. शेतीची आणि घरगुती वापराची अवजारं करायला अडचण नाही. लांब पात्याची शस्त्रं करणं आणि विकणं मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कक्षेत येतं. तो नाद सोडलेला बरा.

हे सगळं वाचून झालं तरी एखाद्या लोहाराच्या शेजारी काही दिवस बसायलाच हवं. मृगाच्या आधी आणि ऊसतोडीच्या तोंडावर जाऊ नका, तेव्हा त्यांना मान वर करायला फुरसत नसते. हंगाम उतरल्यावर जा, भाता मारायची तयारी दाखवा, आणि शिकवण्याच्या वेळेचे पैसे मागायची वाट न पाहता द्या. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकामही आहे. अवजारांसाठी पंधरा हजार रुपयांपर्यंत मदत आणि पाच टक्के व्याजाने तीन लाखांपर्यंत कर्ज, अशी तिची तरतूद आहे. ती हौशी माणसांसाठी नाही, परंपरेने हे काम करणाऱ्यांसाठी आहे. तुम्ही ज्यांच्याकडे शिकायला जाल त्यांची नोंदणी झाली आहे का, हे विचारा. झाली नसेल तर त्यांच्याबरोबर सेवा केंद्रावर जाऊन अर्ज भरायला मदत करा.